सरोगसीला होकार देण्याआधी

गुहागर-दापोलीकडून मुंबईची फेरी मारण्याआधी कागद घरीच तपासा. सरोगेट आई (दुसऱ्यांचं मूल आपल्या पोटी वाढवून देणारी) विवाहित (किंवा पूर्वी विवाहित) आणि स्वतःचं मूल असलेली हवी. वय २५ ते ३५, तेही गर्भ सोडण्याच्या (म्हणजे बाहेर तयार केलेला गर्भ गर्भाशयात ठेवण्याच्या) दिवशी मोजतात. शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर जन्मतारीख वेगळी असेल, तर आधी ती दुरुस्त करा. २०२१ च्या कायद्याने सरोगसी आयुष्यात एकदाच करता येते. स्वतःचं स्त्रीबीज देता येत नाही. मोबदलाही नाही, फक्त वैद्यकीय खर्च, इतर ठरलेले खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा. शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखलाही लागतो.

तपासणीत रक्तदाब, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ बी (हिपॅटायटिस बी) बघतात. आधीची सिझेरियनंही विचारतात, कारण जुना व्रण पुढच्या गरोदरपणात त्रास देऊ शकतो. गर्भाशयाचं अस्तर साधारण ७-८ मिलिमीटर भरलं की गर्भ सोडतात.

बऱ्याचदा गाडी अडते हिमोग्लोबिनवर. १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी नीट लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा तासाभराने.

आणि हो, गर्भ सोडेपर्यंत होकार मागे घेता येतो. सासरच्यांनाही हे माहीत असू द्या.