पाणी उतरलेल्या पटाश्या: व्हील बदलल्यानंतरची नोंद

जुन्या बाजारातून आणलेल्या पटाश्यांचं काम या महिन्यात बरंच पुढे सरकलं. गंज निघाला, पाठी सपाट झाल्या, मुठी बाकी आहेत. डोकेदुखी धारेची आहे. निम्म्याहून जास्त पटाश्या आधीच्या मालकांनी ग्राइंडरवर दाबून जाळलेल्या निघाल्या, म्हणजे धार इतकी तापली की पोलादाचं पाणी, त्याचा कडकपणा, उतरला. एकीवर ‘कास्ट स्टील’चा शिक्का आहे, म्हणजे मुशीत वितळवून केलेलं जुनं इंग्लिश पोलाद, आणि नेमकी तिचीच धार निळीजांभळी. बघून जीव हळहळला.

निळ्या धारेपेक्षा मला चकचकीत धारेची जास्त धास्ती वाटते. निळेपणा म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर, पॉलिश पेपरने दोन मिनिटांत जातो. विकणारे तो घालवूनच माल मांडतात. खालचं उतरलेलं पाणी काही त्याने परत येत नाही. म्हणून प्रत्येक पटाशी आधी कानशीने तपासली. नवी बारीक कानस धारेपाशी हलकेच चालवायची, मग सेंटिमीटरभर मागे. चांगल्या पोलादावरून कानस सर्रकन घसरते, जळलेल्या जागी दात रुततात आणि आवाजही बदलतो. दिसायला स्वच्छ असलेल्या दोन पटाश्या इथेच पकडल्या गेल्या.

साध्या कार्बन पोलादाच्या पटाशीचं टेंपरिंग, म्हणजे कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताने तापवणं, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास झालेलं असतं. त्याहून जास्त तापलं की पोलादावर रंग चढतात: फिकट पिवळा २२० च्या आगेमागे, जांभळा २८०, निळा ३०० ला. निळ्यापर्यंत गेलेल्या धारेचा कडकपणा ६० रॉकवेलवरून (हे कडकपणाचं माप) ५५ च्या आसपास येतो आणि सागवानातही ती लगेच वळते. मात्र हे रंग काही मिनिटं तापवलेल्या पोलादाचे आहेत. ग्राइंडरवर उष्णता क्षणात येते आणि क्षणात जाते, त्यामुळे तोच रंग तिथे आणखी वरच्या तापमानाला दिसतो, पण तेवढा वेळ टिकत नाही. म्हणून रंग पाहून घाबरायचं, निकाल कानशीवर सोडायचा. हायस्पीड स्टीलचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मिश्र पोलादाचं, टूल बिट (लेथवर कापायचं हत्यार) निळं पडलं तर मी लक्षही देत नाही, त्याचं टेंपरिंगच ५५० अंशांच्या आसपास होतं. फक्त ते लालभडक असताना पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात.

आता व्हील, म्हणजे ग्राइंडरचं घासायचं चाक. ग्राइंडरबरोबर आलेलं करडं व्हील काढलं आणि पांढरं बसवलं, लेबलवर डब्ल्यूए ६० के ५ व्ही. यातलं ‘के’ महत्त्वाचं, ती कडकपणाची श्रेणी: व्हील मऊ आहे, बोथट झालेले कण लवकर सुटतात आणि खालचे धारदार कण वर येतात. कडक व्हीलचे कण सुटत नाहीत, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, मग ते कापायचं सोडून नुसतं घासत बसतं. लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) बरीचशी उष्णता चिपबरोबर, म्हणजे निघणाऱ्या किसाबरोबर, निघून जाते. साध्या व्हीलवर तिचा मोठा हिस्सा घासायच्या वस्तूतच उतरतो. त्यात घासणारं व्हील म्हणजे आगीत तेल. बसवण्याआधी व्हील बोटावर टांगून लाकडी मुठीने टकटक केलं, आवाज खणखणीत आला, म्हणजे तडा नाही, मगच फ्लँज (व्हील धरणारी चकती) आवळला. मग व्हीलचा पृष्ठभाग ताजा करायला डायमंड ड्रेसर, म्हणजे हिऱ्याचं टोक असलेलं हत्यार, फिरवला. ड्रेसिंगनंतर पहिल्याच स्पर्शाला ठिणग्या भरघोस आणि हातावर दाब जवळजवळ नाही. फरक कळायला यंत्र लागत नाही.

‘पाण्यात बुडवत राहा’ हा सल्ला सगळे देतात. मीही बादली शेजारी ठेवतो, पण तिच्यावर माझा भरवसा नाही. पातळ धार सेकंदाच्या आत तापते. हात बादलीकडे वळेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. खरा उपयोग झाला तो धार आधी मुद्दाम बोथट करण्याचा. पटाशी व्हीलला काटकोनात टेकवून टोकाला अर्धा मिलिमीटर सपाट पट्टी काढायची, मग धारेचा तिरका उतार घासायचा. टोक जाड राहिल्याने उष्णता मागे पसरते. उजेडात ती पट्टी चकाकते, उतार पुढे सरकेल तशी अरुंद होते. केसाएवढी उरली की ग्राइंडर बंद, पुढचं काम दगडावर. ठिणग्या धारेवरून वरच्या बाजूला वाहायला लागल्या तर समजा फार पुढे गेलात. हातमोजे अजिबात नकोत. फिरत्या व्हीलमध्ये ते अडकतात, आणि उघड्या बोटाला चटका बसतो ५०-६० अंशांना, पोलाद बिघडण्याच्या कितीतरी आधी.

भोसरीत गिअर ग्राइंडिंगवर असलेल्या मित्राने आणखी एक भानगड सांगितली. ग्राइंडिंगमध्ये पृष्ठभाग साडेसातशेच्या वर गेला आणि आतल्या थंड धातूने त्याला झटक्यात गार केलं, तर वरचा थर मऊ पडण्याऐवजी पुन्हा कडक होतो, तोही टेंपर न झालेला, ठिसूळ. त्यांच्याकडे नमुने नायटलमध्ये, म्हणजे नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात, बुडवून बघतात: मऊ पडलेले डाग काळपट, पुन्हा कडक झालेले पांढरे. ते मिश्रण मी घरात करणार नाही, तुम्हीही करू नका.

जळलेल्यांपैकी लांब पटाश्यांचा मऊ भाग घासूनच टाकला. एक आखूड होती, तिला पुन्हा पाणी दिलं: चुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवून, त्याच्या थोडं वर नेऊन, कोमट शेंगदाणा तेलात. मग ओटीजीत २०० अंशांवर तासातासाच्या दोन फेऱ्या. ओटीजीच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. आता कानस घसरते.

कास्ट स्टीलवालीला भट्टी दाखवणार नाही. कानशीप्रमाणे मऊ भाग जेमतेम ३ मिलिमीटर आहे आणि पातं अजून भरपूर लांब आहे. तो हातानेच, जाड दगडावर काढतोय. वेळ लागतोय. मुठींसाठी बाभळीचं लाकूड आणलंय, पण ते अजून ओलं आहे.