मेक मॉड: सगळी मदार पातळ प्लॅस्टिकवर

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण सगळंच बंद आहे. त्यामुळे हे ब्रिटन-अमेरिकेत मेकॅनिकल मॉड वापरणाऱ्या मंडळींसाठी. सेलच्या रॅपबद्दलचा (वरच्या पातळ प्लॅस्टिकच्या वेष्टणाबद्दलचा) भाग मात्र 18650 चा, म्हणजे 18 मिमी जाड आणि 65 मिमी लांब लिथियम सेलचा टॉर्च असलेल्या कोणालाही उपयोगी.

मेकॅनिकल किंवा मेक मॉड ही साधी ई-सिगारेट: धातूची नळी, एक सेल, एक बटण आणि वर ॲटोमायझर, म्हणजे ज्यात तारेची कॉइल तापून द्रवाची वाफ करते तो भाग. चिप नाही, फ्यूजही नाही. बटण दाबलं की सेल सरळ कॉइलला जोडला जातो.

प्रवाहाचा हिशेब कायम पूर्ण चार्ज सेलच्या 4.2 व्होल्टने करायचा, सेलवर छापलेल्या 3.6 किंवा 3.7 ने नाही. 24 गेज कँथलचे (कॉइलसाठीची मिश्रधातूची तार) 3 मिमी दांडीवर सहा वेढे घेतले, तर पायांसकट तार सुमारे 76 मिमी लागते आणि कॉइल 0.54 ओहमची होते. अशा दोन समांतर लावल्या की 0.27 ओहम, म्हणजे साडेपंधरा अँपियर. सॅमसंग 25आर हा सेल सतत 20 अँपियर देऊ शकतो, तेव्हा इथे निभावतं. पण ओहम मोजणारा मीटर 0.15 दाखवत असेल आणि त्याची चूक 0.05 ची असेल, तर 28 चे 42 अँपियर होतात! म्हणून मेकवर 0.2 च्या खाली जाऊच नये, आणि 0.2 लासुद्धा 25 अँपियरचा सेल हवा. '9900 एमएएच' असा अशक्य आकडा छापलेला सेल उचलून सरळ भंगारात द्यावा.

आता रॅप. 18650 चा अख्खा धातूचा डबा ऋण असतो, अगदी वरच्या कडेपर्यंत. धन टोपी आणि ती कडा यांच्यामध्ये असते फक्त एक गॅस्केट आणि कागदी चकती. बटण खाली आणि धन टोक वर असेल, तर रॅप फाटून डबा नळीला टेकल्यावर बटण न दाबताच कॉइल पेटते. सेल उलटा घातला असेल तर तोच फाटका रॅप जास्त महागात पडतो: बटण दाबताक्षणी धन टोक नळीमार्गे थेट डब्याला भिडतं, कॉइल वाटेत येतच नाही. पूर्ण शॉर्ट. नखाएवढी चीर दिसली तरी चकती आणि रॅप दोन्ही बदलायचे. नवा रॅप साधारण 30 मिमी रुंद, 72 मिमी लांब घ्यावा आणि हेअर ड्रायरने बसवावा. लायटरने नको.

हायब्रिड टॉपमध्ये, म्हणजे ॲटोमायझर थेट सेलवर टेकतो अशा रचनेत, त्याची मधली पिन आट्यांच्या पुढे स्पष्ट बाहेर आलेली हवी. ती आट्यांच्या पातळीत असेल तर आटेच धन टोपीला टेकतात आणि बटण दाबताच शॉर्ट होतो.

उष्णता येते कुठून? सेलचा आतला रोध 20 मिलिओहम धरला तर 15 अँपियरला आत साडेचार वॅट उष्णता होते. तीन सेकंदांच्या झुरक्याला सेल जेमतेम पाव-अर्धा अंश तापतो. बटण अडकून तीन मिनिटं चालू राहिलं, तर तेवढ्यानेच वीसेक अंश चढतात. शिवाय वर कोरडी पडलेली कॉइल साठेक वॅट ओतत असते, आणि ती उष्णता पोस्टमधून (कॉइल धरणाऱ्या खांबांतून) डेकमध्ये, म्हणजे त्यांच्या खालच्या तळात, तिथून सेलच्या टोकाला उतरते. तांब्याची नळी उष्णता स्टीलच्या पंचवीसेक पट वाहते, त्यामुळे हाताला चटका लवकर कळतो. स्टीलवर विसंबू नये, तिथे उशिरा कळतं. सेलमधला धन आणि ऋण थर वेगळे ठेवणारा पॉलिथिलीनचा पडदा 130 अंशांच्या आसपास वितळतो, आणि एकदा आतली अभिक्रिया सुरू झाली की बटण सोडून काही उपयोग नसतो.

फक्त बटणच गरम लागत असेल तर दोष बहुधा संपर्कात असतो. काजळी किंवा ई-लिक्विडमुळे 10 मिलिओहम वाढले तरी तिथे सव्वादोन वॅट जळतात, त्याने स्प्रिंग मऊ पडते आणि बटण वर येत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, स्प्रिंग बदला आणि खिशात ठेवताना लॉक लावा.

नळीला वायू बाहेर पडायची भोकं नसतील, तर ती घेऊच नये. 2018 मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला एका माणसाचा जीव ई-सिगारेटच्या स्फोटात गेला. असलेली भोकं स्टिकरने किंवा सिलिकॉनच्या कव्हरने बुजवू नयेत. सुटे सेल प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवावेत. खिशातल्या किल्ल्या त्यांना शॉर्ट करायला पुरेशा आहेत.