चांदोमामा स्त्रीलिंगी

१९९१ साली आम्ही आठवीत गेलो आणि शाळेने जाहीर केलं, ज्यांना संस्कृत नको त्यांनी फ्रेंच घ्यावं. मराठी माध्यमाची, पेठेतली आपली शाळा. घरोघरी वाद झाले. आमच्या आजोबांचं म्हणणं, "रामरक्षा पाठ आहे, सुभाषितं येतात, पैकीच्या पैकी मार्क पडतील, मग हे खूळ कशाला?" माझा हेतू काही उदात्त नव्हता. मला रूपं पाठ करायची नव्हती आणि फ्रेंचला रूपं नसतात अशी वर्गात अफवा होती. ती पहिल्याच आठवड्यात वारली. 'रामः रामौ रामाः' चुकवून आम्ही निघालो ते थेट 'झ स्वी, त्यु ए, इल ए'च्या तावडीत.

फ्रेंच शिकवायला ज्या बाई होत्या त्यांचा नियम असा, की वर्गाच्या दाराच्या आत त्या 'मादाम' आणि दाराबाहेर 'बाई'. पोरं उंबऱ्यावर एक पाय आत नि एक बाहेर ठेवून "बों-झूर बाई" म्हणायची. त्या हसायच्या नाहीत, पण रागवायच्याही नाहीत.

बाईंची खरी करामत ही, की त्यांनी आम्हाला फ्रेंच इंग्रजीतून शिकवलं नाही. तेव्हा त्याचं महत्त्व कळलं नाही. पुढे नोकरीत असताना मी फ्रेंचच्या संध्याकाळच्या वर्गाला बसलो. तिथे इंग्रजीच्या अंगाने येणारी हुशार मंडळी पहिल्या पायरीलाच अडखळताना पाहिली. टेबल बाई का, पुस्तक बुवा का, ह्या प्रश्नानेच त्यांचा जीव अर्धा व्हायचा. आपल्याला त्यात नवल ते काय? आपण वाटी ती आणि पेला तो म्हणतच मोठे होतो. उलट फ्रेंचमध्ये दोनच लिंगं आहेत म्हटल्यावर आम्हाला हायसं वाटलं. प्रश्न पडला तो वेगळाच: आपल्या नपुंसकलिंगी शब्दांनी जायचं कुठे? बाई म्हणाल्या, वाटण्या झाल्या आहेत. पुस्तक पुरुषांत गेलं, 'ल लीव्र'. घर बायकांत गेलं, 'ला मेझों'. सूर्य आपला तसाच पुल्लिंगी राहिला. चंद्राला मात्र त्यांनी 'ला ल्युन' केलं आणि वर्गात दंगा झाला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "मादाम, चांदोमामा मावशी कशी होईल?" बाई शांतपणे म्हणाल्या, "पॅरिसमध्ये गेल्यावर होते."

पुल्लिंगी शब्द त्या फळ्यावर निळ्या खडूने लिहायच्या, स्त्रीलिंगी लाल खडूने. रंगीत खडू ऑफिसातून मोजून मिळत. लाल संपला की त्या दिवशी फक्त पुल्लिंगी शब्द. आजही एखादा फ्रेंच शब्द आठवताना मला आधी खडूचा रंग दिसतो, मग शब्द.

उच्चारांचं प्रकरण अवघड होतं. आपल्याला लिहिल्याप्रमाणे वाचायची सवय. इथे 'बोलणे' ह्या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांची रूपं कागदावर तीन तऱ्हांनी लिहायची आणि तोंडाने सगळीकडे 'पार्ल' एवढंच म्हणायचं. शेवटची अक्षरं नुसती शोभेला. पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला स्वर आला की त्यातलंच एखादं मुकं अक्षर अचानक बोलू लागतं: 'ले' आणि 'आमी' शेजारी आले की 'लेझामी'. आम्ही पुस्तकात शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहून ठेवायचो. बाईंनी ते पहिल्या सत्रापुरतं चालवून घेतलं, दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच तासाला खोडरबर घेऊन बसवलं. त्यांचंही बरोबर होतं. 'तू'साठी जो फ्रेंच शब्द आहे तो 'ती' असा लिहिला तरी चूक, 'तू' लिहिला तरी चूक. "तोंडात ई ठेवा आणि ओठ ऊचे करा," असं सांगून त्यांनी अख्ख्या वर्गाला शीळ घालायच्या बेतात आणून ठेवलं होतं. शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या सरांनी दारातून डोकावून पाहिलं होतं. 'र' तर घशातला, गुळण्या करताना निघतो तसा. नाकातले स्वर मात्र वर्गात एकालाच पहिल्या झटक्यात जमले. तो मालवणकडचा होता. 'बों', 'व्हँ', 'व्हाँ' हे आम्हाला एकसारखे ऐकू यायचे, तो तिन्ही वेगळे म्हणून दाखवायचा आणि वर आम्हालाच विचारायचा, "ह्यात कठीण काय?"

आकडे एकोणसत्तरपर्यंत सरळ चालतात आणि मग भाषेला फेफरं येतं. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. नव्याण्णव म्हणायला चार-वीस-दहा-नऊ. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी सत्तर-नव्वदला सुटसुटीत शब्द ठेवले आहेत, हे कळल्यावर आम्ही परीक्षेपुरते स्विस व्हायला तयार होतो. पण शिरूरकडच्या एका मैत्रिणीने घरी हे सांगितलं, तर तिची आजी म्हणाली, "मग? चार इसा नि धा. नव्वदच की." बाजारात आयुष्यभर विसांनी हिशेब केलेली बाई ती. तिला फ्रेंच आकडे नातीच्या आधी आले.

पण ज्या एका तासासाठी मी हे लिहायला बसलो तो नववीतला, भूतकाळाचा. फ्रेंच भूतकाळाची दहशत सगळ्या जगात आहे. जाणे-येणे अशा काही क्रियापदांत कृदंत, म्हणजे 'गेला', 'खाल्ला'सारखं क्रियापदापासून झालेलं रूप, कर्त्याप्रमाणे बदलतं. बाकी बहुतेक क्रियापदांत कर्त्याचं काही चालत नाही. तिथे कर्म आधी आलं असेल, तर कृदंत कर्माप्रमाणे बदलतं. खुद्द फ्रेंच मुलं ह्यात मार खातात. बाईंनी नियम सांगितलाच नाही. फळ्यावर मराठीत लिहिलं: 'तो गेला, ती गेली.' खाली लिहिलं: 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली.' मग वर्गातल्या एका मुलाला आणि एका मुलीला उभं करून दोघांकडून "मी पोळी खाल्ली" म्हणवून घेतलं. "खाणारा कोण, ह्याने 'खाल्ली'ला काही फरक पडला का?" नाही पडला. "पोळी होती म्हणून खाल्ली. झालं, हेच आहे." मग 'मी लिहिलेली चिठ्ठी' आणि 'मी लिहिलेला ग्रंथ' घेऊन त्यांनी फ्रेंचमध्ये फिरवून दाखवलं: चिठ्ठीला 'एक्रीत', ग्रंथाला 'एक्री'. शेवटचा 'त' ऐकू आला की समजायचं, लिहिली गेलेली वस्तू स्त्रीलिंगी आहे. फरक एवढाच, की फ्रेंचमध्ये कर्म आधी यावं लागतं. आपल्याकडे ते कुठेही असो. वीस मिनिटांत विषय संपला आणि उरलेल्या वेळात बाईंनी आम्हाला गोष्ट सांगितली.

ती गोष्ट महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या डी बॉईनची. (खरा उच्चार 'द ब्वान्य', आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी त्याचं पार बारसं केलं.) १७५१ साली, आज फ्रान्समध्ये असलेल्या शांबेरी गावात जन्मलेला हा माणूस फ्रेंच सैन्यात राहून, फिरत फिरत महादजींकडे आला, त्यांच्यासाठी कवायती पलटणी उभ्या केल्या, राजस्थानातल्या पाटण आणि मेडत्याच्या लढाया मारल्या आणि गडगंज पैसा घेऊन गावी परतला. तो पैसा त्याने गावासाठी सढळ हाताने खर्च केला. त्याच्या मृत्यूनंतर, १८३८ साली, गावाने चौकात त्याचं स्मारक बांधलं: मध्ये खांब, वर तो, खाली चार हत्ती.

कामानिमित्त ग्रनोबलला राहायचा योग आला तेव्हा मी शांबेरीला गेलो. हत्ती आहेत. चारही दिशांना तोंड करून उभे, सोंडेतून पाणी सोडणारे. शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांना मी 'वू' लावून, म्हणजे अहो-जाहो करत, सांगितलं की ह्या हत्तींचा पैसा आमच्याकडून आला. महादजी कोण हे सांगायला मला तोच नववीतला भूतकाळ पुरला. आजोबांना महादजी ठाऊक नव्हते, पण त्यांनी मला एक वेगळी माहिती दिली. हत्ती फक्त पुढून घडवले आहेत, मागचा भाग खांबातच गेला आहे. म्हणून गावकरी त्यांना जे नाव घेऊन हाक मारतात, त्याचं सभ्य मराठी 'बिनबुडाचे चौघे' असं करता येईल. असभ्य मराठी अधिक अचूक आहे. ते बाईंनी आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि ह्या स्मरणिकेत छापायचं की नाही हे संपादक मंडळाने ठरवावं.