भिंतीवरच्या तीन रेघा

आमचं काम सर्व्हेचं. ऑटो लेव्हल (उंची-सखलपणा मोजायची दुर्बीण) लावायची, स्टाफ म्हणजे आकडे लिहिलेली उंच पट्टी धरायची, रीडिंग लिहायची, त्यात सांगण्यासारखं काय असणार, पण 2022 च्या मे मधला एक दिवस काही डोक्यातून जात नाही.

सांगलीत नदीकाठच्या एका वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून आम्हाला बोलावलं होतं. घरात शिरणाऱ्या पुराच्या पाण्याबद्दल सरकारकडे मागणी करायची होती, आणि दरवेळसारखं नुसतं निवेदन देऊन फोटो काढण्यापेक्षा यावेळी हातात आकडे असावेत असं त्यांच्यातल्या एका रिटायर्ड मास्तरांचं म्हणणं.

पहिल्याच घरात आजींनी ट्रंक सरकवली, मागं भिंतीवर पेन्सिलच्या तीन रेघा. खालची 2005 च्या पुराची, तिच्या जरा वर 2021 ची, आणि पार माळ्याच्या फळीला टेकलेली 2019 ची. रंग देताना पण तेवढा पट्टा सोडलेला. त्या 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, जिथं 45 फूट म्हणजे धोका पातळी. आम्ही रेघांची लेव्हल घेतली तर त्यांच्यातलं अंतर पुलावरच्या फरकाशी जवळपास जुळलं. माझा स्टाफवाला पोरगा म्हणाला, सर, आजींचा गेज (पाण्याची पातळी मोजायची खूण) बरोबर हाय.

आजी मात्र वेगळंच सांगत होत्या. "पाणी येतंय त्याचं काय न्हाई बाळा, नदीकाठाला राहतोय म्हटल्यावर येणारच. पण आधी दोन दिसात उतरायचं, आता हटतच न्हाई. त्येवढं बघ."

म्हणून मागं गेलो. मास्तरांनी आणलेल्या जुन्या नकाशात तिथं ओत दाखवलाय, म्हणजे पुराचं पाणी यायची आणि परत नदीत जायची नैसर्गिक वाट. जागेवर बघतो तर भराव, त्यावर कंपाउंड, पुढं एक शेड, आणि सगळ्या वस्तीचं पाणी काढायला एकच पाइप, तो पण अर्धा गाळानं भरलेला. लोकांना शिव्या घालणं सोपं असतं की पूररेषेत घर बांधलंच का, अहो पण वरच्या अंगाला परवडत नाही म्हणून एकेक गुंठा घेतलाय बिचाऱ्यांनी. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या, हे कागदावर आहे, जागेवर मला एक खांबसुद्धा रोवलेला दिसला नाही, मग घेणाऱ्याला कळणार कसं?

दुपारी एका कार्यालयात बैठक होती. पहिला तास अलमट्टीवर गेला, म्हणजे कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण, त्याच्या साठ्यामुळं आपल्याकडं पूर तुंबतो अशी लोकांची तक्रार. अलमट्टीवर बोलायला सगळ्यांनाच आवडतं, ते दुसऱ्या राज्यात आहे ना, ओत आपल्याच वॉर्डात आहे. 2019 च्या पुरानंतर त्याची कारणं शोधायला नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीवर सगळं खापर न फोडता पूररेषेतल्या बांधकामांवर बोट ठेवलं होतं, ते मी मध्येच बोललो तर दोघं-तिघं माझ्याकडं असे बघायला लागले जसा काय मी कर्नाटकचा माणूस.

मग नकाशा टेबलावर पसरला. ओत मोकळा करा, रस्त्याखाली पाइपऐवजी बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे काँक्रीटची मोठी चौकोनी मोरी टाका, रेषेचे खांब रोवा आणि अगदी काठावरच्या घरांना दुसरीकडं जागा द्या, एवढीच मागणी. साहेब तसे चांगले होते, नीट ऐकलं, मग म्हणाले, "पंचनाम्याला पैसे लगेच निघतात हो, ह्याला हेड नाही." म्हणजे बजेटमध्ये या कामाचं खातंच नाही.

मास्तर तयारीत आले होते. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 पासून राज्यांच्या आपत्तीच्या पैशातले 20 टक्के आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी वेगळे ठेवायला सांगितलेत, ते त्यांनी कागदासकट पुढं ठेवलं. साहेब वाचत बसले. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आजी (रिक्षा करून आल्या होत्या, कुणी बोलावलं नव्हतं) म्हणाल्या, "तीन बारीला पैसे दिलासा सायब, दर बारीला घरच धुतलं त्यातनं. ती वाट मोकळी केली असती तर?"

कोण काही बोललं नाही. साहेबांनी नकाशाची कॉपी मागितली, मी ओरिजिनलच देऊन आलो.

बॉक्स कल्व्हर्ट नाही झाला. वर्षभरानं दोन पाइप मंजूर झाले, भराव आहे तिथंच आहे. मास्तर दर महिन्याला जाऊन फाइल विचारतात, आणि पाइप टाकल्यावर लेव्हल बरोबर आहे का बघायला मला फोन आला होता, तर एक पाइप उलट्या उताराला बसवलेला निघाला. तो काढून परत बसवून घेतला आम्ही.