कोंबडा आरवण्यापूर्वी

आदाम आणि हव्वा एदेन बागेतल्या मना केलेल्या झाडाचे फळ खाणार हे सर्वज्ञ देवाला आधीच ठाऊक होते, तर मग दोष त्यांच्या माथी कसा, हा प्रश्न मी बायबलच्या अभ्यासवर्गात पहिल्यांदा विचारला, तेव्हा मिळालेले उत्तर एका वाक्याचे होते: ठाऊक असणे म्हणजे घडवणे नव्हे. ग्रहणाची वेळ अचूक सांगणारा खगोलशास्त्रज्ञ काही ग्रहण लावत नाही. उत्तर चोख आहे आणि जुनेही आहे. देहान्ताच्या शिक्षेची वाट पाहत तुरुंगात पडलेल्या रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने इ.स. 524 च्या सुमारास तेच अधिक खोलात जाऊन मांडले: देव काळाच्या बाहेर आहे, आपल्या दृष्टीने जे उद्या घडायचे ते त्याच्यासमोर आताच आहे, आणि चालणाऱ्या माणसाकडे मी पाहतो म्हणून जसे त्याला चालणे भाग पडत नाही, तशी देवाच्या पाहण्याने आपल्यावर सक्ती होत नाही.

मला हे पटते, पण अर्धेच. खगोलशास्त्रज्ञाने चंद्र निर्माण केलेला नसतो. बाग देवाची, झाड त्याचे, आज्ञा त्याची, आणि उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात अचानक बोलू लागणारा सर्पही देवानेच केलेल्या प्राण्यांपैकी एक, असे तिथल्या पहिल्याच वचनात लिहिले आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मपंडित लुइस दे मोलिना यांनी यावर बारकाईने तोडगा काढला: कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत स्वेच्छेने काय करील, हे देव जग निर्माण करण्याआधीच जाणतो. पण मग हेच जग का निर्माण केले, हा प्रश्न एक पायरी वर सरकून तसाच उभा राहतो. त्याच शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनने असा मधला मार्ग शोधला नाही. आदाम-हव्वेचे पापात पडणे, म्हणजे पतनही, देवाच्या निश्चयातच होते असे त्याने लिहिले, आणि तो निश्चय भयंकर आहे हेही स्वतःच कबूल केले. त्याचे मत मला मान्य नाही, त्या कबुलीचे मात्र मोल वाटते.

पापाच्या उगमाविषयी मी अजूनही चौथ्या-पाचव्या शतकातले धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांच्याकडेच वळतो. सोळाव्या वर्षी मित्रांसोबत रात्री केलेली नासपतीची चोरी त्यांनी आत्मकथनात सविस्तर सांगितली आहे. फळे दिसायला किंवा चवीला काही खास नव्हती, त्यांच्याकडे याहून चांगली होती, आणि चोरलेल्यांपैकी बहुतेक डुकरांपुढे टाकली गेली. भूक नव्हती, गरज नव्हती. हवी होती ती चोरीच. पुढे त्यांनी लिहिले की दुष्ट इच्छेचे कारण शोधणे म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहायला किंवा शांतता कानांनी ऐकायला निघण्यासारखे आहे, कारण वाईट ही स्वतंत्र वस्तू नसून चांगल्याची उणीव आहे. याला कोणी पळवाट म्हणेल; काहीही लाभ नसताना खोटे बोलून मग स्वतःचेच नवल करणाऱ्याला ती तशी वाटणार नाही.

पूर्वज्ञानाचा विचार करताना मात्र मला एदेनपेक्षा येशूचा शिष्य पेत्र जवळचा वाटतो. 'कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील' असे येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याला तोंडावर सांगितले होते. येशूला अटक झाल्यावर महायाजकाच्या अंगणात पेत्राला प्रथम हटकते ती एक दासी. मग त्याच्या बोलीवरून लोक त्याला ओळखतात. तो शपथा वाहतो, आणि कोंबडा आरवतो. 'हे तर आधीच ठरले होते' असे म्हणायची सोय त्या घटकेला पेत्राइतकी कोणालाच नव्हती. तो तसे म्हणत नाही. बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडतो. लूकच्या शुभवर्तमानात त्या भाकिताला लागूनच येशूचे शब्द आहेत की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. म्हणजे इथे आधी जाणणे आणि आधीच सावरायला येणे एकत्र आहे, आणि ज्या पत्रावर पेत्राचे नाव आहे त्यात ख्रिस्त जगाच्या स्थापनेपूर्वीच नेमलेला होता असे लिहिलेले आढळते, तेव्हा पतनाच्या आधी तारणाची तजवीज होती हा विचार मला केवळ तर्काची कसरत वाटत नाही.

पण त्याच भोजनाला येशूला धरून देणारा शिष्य यहूदाही बसला होता. त्याच्याविषयीही आधीच सांगितले गेले, आणि तो जन्मला नसता तर त्याच्यासाठी बरे झाले असते, असे शब्द आले. त्याच्यासाठी केलेल्या प्रार्थनेची नोंद चारही शुभवर्तमानांत मला सापडलेली नाही. पेत्राच्या बाबतीत मला मिळालेले उत्तर यहूदापाशी येऊन थांबते.