दांडिया बाजारच्या पुस्तक-देवघेवीला स्वतःचं डोमेन: कुठवर आलो

पुस्तक-देवघेवीचं ॲप आता क्लाउडने (भाड्याच्या सर्व्हर सेवेने) दिलेल्या लांबलचक पत्त्यावरून सुटलं. स्वतःच्या डोमेनवर उघडतं, सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र लागलंय, आणि देवनागरी पत्ताही चालू झालाय. डीएनएसचं, म्हणजे नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचं, काम पुरतं संपलेलं नाही, पण झालं तेवढं सविस्तर लिहितोय. घरच्या घरी ॲप चालवणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचं घोडं नेमकं इथेच अडतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बडोद्यातल्या मराठी घरांत कपाटं भरून पुस्तकं आहेत. कुणी दांडिया बाजारात, कुणी रावपुऱ्यात, पुढची पिढी मांजलपूर, कारेलीबागेकडे गेलेली. कुणाकडे काय आहे ते ॲपमध्ये दिसतं, हवं ते मागता येतं, ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याला निरोप जातो. या शहरात पुस्तकं घरोघर पोचवण्याची कल्पना जुनीच. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, आणि त्या काळी संस्थानातल्या गावांत पुस्तकांच्या पेट्या फिरत असत. आमचं काम त्यापुढे फार लहान, पण वाट तीच.

आमचे वाचक बहुतेक साठीच्या पुढचे. एक काकू दुसऱ्या काकूंना फोनवर पत्ता सांगतात, तो ऐकून टाइप करता आला पाहिजे. क्लाउडच्या पत्त्यात दोन इंग्रजी शब्द, मधे आडव्या रेघा, मग आकडे, मग कंपनीचं नाव. फोनवरून असा पत्ता कुणाला सांगणार? तेव्हा तोंडाने सांगता येईल असं नाव ही आमची पहिली गरज होती.

मांडणी अशी ठरवली. ओळखीचं साधं पान गिटहब पेजेसवर (साधी पानं ठेवायची सेवा), मुख्य डॉट इन नावावर. प्रत्यक्ष ॲप क्लाउडवर, त्याच डोमेनच्या सबडोमेनवर, म्हणजे आधी एक शब्द जोडलेल्या नावावर. आणि दुसरं, डॉट भारतचं देवनागरी डोमेन, जे थेट ॲपकडे जातं आणि तिथून मुख्य पत्त्यावर वळवलं जातं. गिटहब पेजेसच्या एका साइटला एकच स्वतःचं डोमेन लावता येतं, म्हणून देवनागरी नाव तिकडे न नेता ॲपकडे नेलं.

आता गाभ्याचं. क्लाउडवाले बहुधा आपल्याला आयपी पत्ता, म्हणजे तो आकडी पत्ता, देत नाहीत, एक नाव देतात आणि सांगतात की याच्याकडे सीनेम करा. सीनेम म्हणजे ‘या नावाबद्दल जे काही विचारायचंय ते त्या नावाला विचारा’. सबडोमेनवर हे उत्तम चालतं. मुख्य नावावर, म्हणजे ज्याच्या आधी काही नाही अशा नुसत्या डोमेनवर, चालत नाही. कारण १९८७ च्या आरएफसी १०३४ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये आहे: ज्या नावावर सीनेम आहे तिथे दुसरा कुठलाही डेटा असू नये. आणि मुख्य नावावर एसओए (डोमेनच्या नोंदींची मूळ माहिती) आणि एनएस (डीएनएस सर्व्हर कुठले ते) ही रेकॉर्ड्‌स असावीच लागतात, त्यांच्याशिवाय झोन, म्हणजे डोमेनची नोंदवही, उभाच राहत नाही. मेल घेत असाल तर मेलचं एमएक्सही तिथेच. म्हणजे नोंदी भरायच्या पॅनेलने सीनेम घेतलं नाही तर तो अगदी बरोबर वागतोय, आणि घेतलं तर काळजी करायची, कारण मेल गप्पपणे बंद पडू शकतो.

यातून सुटकेच्या वाटा मोजक्या. गिटहब पेजेसने मुख्य नावासाठी ठरलेले चार आयपी दिलेले आहेत, १८५.१९९.१०८.१५३ पासून १८५.१९९.१११.१५३ पर्यंत, तिसरा आकडा एकेकाने वाढत जातो. ती चार ए (नावासमोर आयपी लिहिलेली) रेकॉर्ड्‌स घातली, आयपीव्ही६ साठी चार क्वाड-ए घातली, झालं. डॉट भारतच्या नावाला मात्र ही सोय नव्हती, कारण त्यामागे क्लाउडचं ॲप आणि हातात फक्त नाव. तिथे एलियस लागतं. काही ठिकाणी त्यालाच एनेम किंवा सीनेम फ्लॅटनिंग म्हणतात. यात डीएनएस सर्व्हर स्वतःच पलीकडच्या नावाचा आयपी शोधतो आणि विचारणाऱ्याला साधं ए रेकॉर्ड देतो, त्यामुळे नियम मोडत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: तो शोध वाचकाच्या फोनवरून होत नाही, डीएनएस सर्व्हरवरून होतो. पलीकडची सेवा जागेप्रमाणे वेगवेगळे पत्ते देत असेल तर बडोद्यातल्या माणसाला भलतीकडचा पत्ता मिळू शकतो. आमच्या आकाराच्या ॲपला याने फरक पडत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या आरएफसी ९४६० मधलं एचटीटीपीएस रेकॉर्ड याच प्रश्नावरचं जास्त नीटनेटकं उत्तर आहे, पण वृद्ध वाचकांचे जुने फोन पाहता फक्त त्याच्यावर विसंबावं असं मला आज तरी वाटत नाही.

मग टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं तो आकडा. मंडळी, इथे मला जरा आग्रहाने बोलायचंय. ‘डीएनएस पसरायला दोन दिवस लागतात’ हे वाक्य आपण सगळे एकमेकांना सांगतो, आणि त्याने डोक्यात चुकीचं चित्र बसतं. आपण रेकॉर्ड बदलल्यावर ते कुठेही पाठवलं जात नाही. अधिकृत सर्व्हरवर, म्हणजे आपल्या नोंदी जिथे असतात तिथे, ते बहुधा काही क्षणांत बदलतं. बाकी जगातले रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीने पत्ता शोधणारे सर्व्हर, पूर्वी मिळालेलं उत्तर टीटीएल संपेपर्यंत जपून ठेवतात, आणि मुदत संपल्यावर कुणी विचारलं तर नव्याने विचारायला येतात. म्हणजे किती वेळ लागणार हे नशिबावर नाही, ते आपणच आधी लिहून ठेवलेल्या आकड्यावर आहे.

आमचं डॉट इन डोमेन आधी दुसऱ्या ठिकाणी लावलेलं होतं आणि त्याचा टीटीएल होता ८६४००, म्हणजे पूर्ण दिवस. समजा रविवारी सकाळी दहाला तो ३०० केला. नऊ एकोणसाठला ज्या रिझॉल्व्हरने विचारलं होतं, त्याला हा बदल माहीतच नाही, तो सोमवारी नऊ एकोणसाठपर्यंत जुनंच सांगणार. म्हणून टीटीएल खाली आणायचा, जुन्या टीटीएलएवढा वेळ पूर्ण जाऊ द्यायचा, आणि मगच पत्ता बदलायचा. मग तो बदल पाच मिनिटांत सगळीकडे दिसतो. दोन-चार दिवस सगळं सुरळीत चाललं की टीटीएल परत ३६०० वर न्यायचा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर डिग ही डीएनएसला प्रश्न विचारायची आज्ञा चालवा. अधिकृत सर्व्हरला थेट विचारलं की टीटीएलच्या जागी दर वेळी ३०० च येतं. घरच्या राउटरला विचारलं की आकडा उतरताना दिसतो, ३००, २८७, २६१. गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक रिझॉल्व्हरला लागोपाठ विचारलं तर तो आकडा उड्या मारतो: २७३, मग ११८, मग परत २७०. त्या एका पत्त्यामागे पुष्कळ यंत्रं आहेत आणि सगळ्यांची आठवण एक नाही, त्यामुळे आपला प्रश्न ज्याच्या वाट्याला जातो त्याचा आकडा येतो. मी हे माझ्या भाच्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “मामा, म्हणजे एकाच घरात दोन फोनवर वेगवेगळी साइट दिसू शकते?” हो, दिसू शकते. जुनं-नवं अशी दोन्ही उत्तरं काही काळ खरीच असतात, म्हणून जुना सर्व्हर लगेच बंद करायचा नाही.

याहून जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे ‘नाही’ हे उत्तरही जपलं जातं. रेकॉर्ड घालण्याआधीच उत्साहाने ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, तर रिझॉल्व्हर ‘असं नाव नाही’ हे उत्तर साठवतो. किती वेळ? आरएफसी २३०८ प्रमाणे, एसओए रेकॉर्डचा शेवटचा आकडा आणि त्या रेकॉर्डचा स्वतःचा टीटीएल यात जो कमी असेल तेवढा वेळ. रेकॉर्डवर ३०० लिहिलं असलं तरी त्याचा इथे काही संबंध नाही. म्हणून आमच्या गटाला मी पक्कं सांगितलं होतं की निरोप येईपर्यंत कुणीही नवा पत्ता उघडून बघू नका. स्वतः बघायचं तर अधिकृत सर्व्हरला डिगने विचारायचं, तिथे अशी साठवण नसते. गूगल आणि क्लाउडफ्लेअर दोघांकडे त्यांच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधलं एखादं नाव पुसून टाकायची पानं आहेत, तीही कामाला येतात.

पडताळणीचं टीएक्सटी (नुसत्या मजकुराचं) रेकॉर्ड सगळ्यात आधी घालावं. डोमेन आपलंच आहे हे क्लाउडला पटवायला ते लागतं, आणि चालू साइटला त्याने धक्का लागत नाही. त्याचं नाव बहुधा अंडरस्कोरने सुरू होतं. इथे पॅनेलची एक खोड सांभाळावी लागली. आमच्या रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) पॅनेलमध्ये नावाच्या चौकटीत फक्त डावीकडचा तुकडा लिहायचा असतो, डोमेन तो स्वतः जोडतो, पण तसं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. पूर्ण नाव लिहिलं तर ‘वाचन.उदाहरण.परीक्षा.उदाहरण.परीक्षा’ असं काहीतरी तयार होतं, आणि पॅनेलमध्ये मात्र सगळं ठीक दिसतं. उलट हाताने झोन फाइल लिहिणाऱ्यांनी पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यायलाच हवं, नाहीतर तिथेही हेच होतं.

जाता जाता, ‘उदाहरण.परीक्षा’ हे मी मनाने बनवलेलं नाही. २००७ मध्ये आयकॅनने (जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने) इंग्रजी सोडून इतर लिपींतली नावं मुळापासून चालतात का हे तपासलं, तेव्हा देवनागरीसाठी हेच नाव होतं.

प्रमाणपत्राबद्दल थोडंच. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र क्लाउड आणि गिटहब दोघेही आपोआप घेतात, पण रेकॉर्ड बरोबर दिसायला लागल्यावरच. ते ‘प्रलंबित’वर अडकलं तर आधी सीएए रेकॉर्ड बघा, म्हणजे या डोमेनला प्रमाणपत्र कुणी द्यायचं ते सांगणारं. प्रमाणपत्र देणाऱ्यांना ते तपासणं सप्टेंबर २०१७ पासून बंधनकारक आहे, आणि सबडोमेनवर ते नसेल तर वरच्या नावाचं बघितलं जातं. डोमेन पूर्वी कुणी दुसऱ्या संस्थेपुरतं बांधून ठेवलं असेल, तर खालच्या सगळ्या सबडोमेनना ती गाठ लागू होते.

आता देवनागरी, माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. डॉट भारत हे २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी, त्यात मराठी आहे. गुजराती लिपीतलं डॉट भारत हे पूर्णपणे वेगळं डोमेन. आमच्या नातवंडांना गुजराती पाट्या जास्त सवयीच्या, पण आमचं नाव देवनागरीतच हवं होतं.

डीएनएसमधून देवनागरी अक्षरं जशीच्या तशी जात नाहीत. प्रत्येक तुकडा पनीकोडमध्ये जातो, ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रूपात. ‘भारत’चं रूप होतं ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’, अर्थात रोमन अक्षरांत. पॅनेलमध्ये मी सगळीकडे हेच रूप भरलं. देवनागरी भरलं तर काही पॅनेल आपल्या मनाने बदलतात, काही नाकारतात. एका तुकड्याला ६३ अक्षरांची मर्यादा आहे ती या रूपाला लागू होते, आपल्याला दिसणाऱ्या अक्षरांना नाही.

नाव निवडताना मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो: एक अखंड अक्षर म्हणून, जे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, आणि दुसरा ‘अ’वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा आहेत आणि पनीकोडही दोन वेगळे निघतात, म्हणजे दोन वेगळी डोमेनं. कुणाच्या कीबोर्डवरून कुठला ‘ॲ’ येईल हे सांगता येत नाही. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’तला ‘ऱ’ या बाबतीत बरा, तो ‘र’ आणि नुक्ता असा तोडून लिहिला तरी सामान्यीकरणात (अक्षरांना एकच ठरलेलं रूप देताना) एकच होतो. पण अर्धं अक्षर दाखवायला कुणी न दिसणारं जोडचिन्ह घातलं की परत गोंधळ. आम्ही ॲ, ऑ, नुक्ता, जोडाक्षरं सगळं टाळून साधं तीन अक्षरी नाव घेतलं. तुम्हालाही तसंच सुचवेन. मग मुंबईहून आलेल्या मावशींच्या फोनवर, इथल्या काकांच्या लॅपटॉपवर, सगळीकडून एकच नाव निघतं.

चाचणीसाठी क्लाउडवर जे जुनं सबडोमेन केलं होतं त्याचं सीनेम काढून टाकलं. ॲप पुसलं आणि सीनेम तसंच राहिलं, तर क्लाउडवर ते रिकामं झालेलं नाव दुसरा कुणी घेऊन आपल्या डोमेनवर त्याची पानं दाखवू शकतो. गिटहबकडे डोमेनची पडताळणी करून ठेवली तीही याच कारणाने.

राहिलंय ते डीएनएसएसईसी, म्हणजे उत्तर खरंच आपल्याकडूनच आलं हे पटवणारी डिजिटल सही. डॉट इनच्या झोनवर सही चालू केली आहे, त्या सहीची खूण असलेलं डीएस रेकॉर्ड रजिस्ट्रारकडे अजून दिलेलं नाही. ते दिल्यावर सहीत काही बिघडलं तर सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरवरून साइट दिसेनाशीच होते, त्यामुळे आधी टीटीएल खाली, मग सगळ्या नावांची डिगने तपासणी, मग डीएस. डॉट भारतचं त्यानंतर. तुमच्यापैकी कुणी एलियस असलेल्या झोनवर सही चालवत असेल तर सर्व्हर दर वेळी नवी सही कशी करतो, आधीच करून ठेवतो की विचारल्यावर, हे मला जरूर कळवा. त्यावर आमचा डीएनएस पुरवठादार बदलायचा की नाही ते ठरणार आहे.