सरकार पक्ष आणि बचाव पक्ष, एकाच जिन्यावर

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरून जाणाऱ्या माणसाला टेम्पल, म्हणजे बॅरिस्टरांची जुनी वसाहत, सहसा दिसत नाही, कारण तिकडे उतरणाऱ्या गल्ल्यांची तोंडे दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या रांगेत दडलेली आहेत. मिडल टेम्पल लेनच्या दरवाजातून आत शिरले की रहदारीचा आवाज मागे पडतो आणि एकामागून एक चौक ओलांडत आपण थेम्सच्या दिशेने उतरू लागतो. टेम्पलर सरदारांच्या ज्या गोल चर्चचा अभिषेक ११८५ मध्ये झाला, ते चर्च अजून उभे आहे. सरदार गेले, त्यांच्या जागी वकील आले आणि ते मात्र आजतागायत हललेले नाहीत. मी महाराष्ट्रातल्या एका सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो, त्यामुळे राजवाड्यापेक्षा या जागेची ओढ मला अधिक होती.

इथल्या प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी एक उंच पाटी असते आणि तिच्यावर त्या चेंबर्समधील, म्हणजे सामाईक कचेरीतील, बॅरिस्टरांची नावे ज्येष्ठतेनुसार एकाखाली एक रंगवलेली असतात. वरचे कोणी न्यायाधीश झाले किंवा निवृत्त झाले की खालची नावे वर सरकतात आणि तळाशी नवे नाव येते. एका पाटीपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. तळाच्या दोन नावांची काळी अक्षरे बाकीच्यांपेक्षा ठळक होती आणि मधल्या एका ओळीखाली जुने नाव रंगाने बुजवल्याची कडा तिरप्या उन्हात स्पष्ट दिसत होती. त्या तळाच्या ओळीपर्यंत पोहोचायला कायद्याचे शिक्षण आणि बॅरिस्टरीचा अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची उमेदवारी करावी लागते. तिचे पहिले सहा महिने ज्येष्ठांच्या मागे बसून शिकण्यात जातात, पुढच्या सहा महिन्यांत स्वतःचे छोटे खटले चालवायला मिळतात, आणि एवढे होऊनही चेंबर्समध्ये जागा मिळेलच याची हमी नसते.

आपल्याकडच्या वकिलाला सर्वांत नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे हे चेंबर ही कंपनी नव्हे आणि भागीदारीही नव्हे. इथला प्रत्येक बॅरिस्टर स्वतंत्र व्यावसायिक असतो. सामाईक असते ते फक्त भाडे, छप्पर आणि कामे वाटून देणारा क्लार्क. इंग्लंडमध्ये खटला भरणारे सरकारी खाते बहुतेक मोठे खटले चालवण्यासाठी याच स्वतंत्र बॅरिस्टरांना नेमते, त्यामुळे आज सरकार पक्षातर्फे उभा राहिलेला माणूस पुढच्या महिन्यात आरोपीचा बचाव करताना दिसतो, आणि एकाच खुनाच्या खटल्यात दोन्ही बाजूंचे वकील एकाच जिन्यावरून उतरून न्यायालयात गेले तरी त्यात कोणाला वावगे वाटत नाही. आपल्या कार्यक्षेत्रातले काम असेल, वेळ मोकळा असेल आणि योग्य फी मिळत असेल, तर अशील आवडत नाही म्हणून नकार देता येत नाही, असा त्यांचा जुना नियम आहे. आमच्या न्यायालयात एकाच कार्यालयातले दोघे असे समोरासमोर उभे राहिले, तर दुपारच्या सुटीपर्यंत दोन्ही वकीलपत्रे परत घेतली जातील, याबद्दल मला शंका नाही.

या व्यवस्थेचे मला सर्वांत आवडलेले उदाहरण नदीच्या बाजूला, टेम्पल गार्डन्स या इमारतीत सापडते. तिच्या ३ क्रमांकाच्या दाराआड सर एडवर्ड मार्शल हॉल यांचे चेंबर होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत ज्यांच्या नावाने ओल्ड बेली या लंडनच्या मुख्य फौजदारी न्यायालयाच्या प्रेक्षागृहात गर्दी व्हायची, असे हे फौजदारी वकील होते. कॅम्डेन टाउन खून खटल्यात त्यांनी १९०७ मध्ये रॉबर्ट वूड याला निर्दोष सोडवले. आरोपीला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचा हक्क इंग्लंडमध्ये १८९८ च्या कायद्याने मिळाला होता, तरी पिंजऱ्यातल्या माणसाला साक्षीला उभे करायला वकील बिचकत. मार्शल हॉल यांनी तो धोका पत्करला. ज्युरीपुढे दोन्ही हात पसरून न्यायाचा तराजू कसा झुकतो हे दाखवण्याची त्यांची लकब प्रसिद्ध होती. अशा अभिनयाला आज न्यायाधीश कितपत वाव देतील, हा प्रश्नच आहे.

पुढे १९२० मध्ये लेस्टर येथे हिरव्या सायकलीचा म्हणून गाजलेला खटला उभा राहिला. आरोपी रोनाल्ड लाइट याच्या बचावाला मार्शल हॉल होते, तर सरकार पक्षाच्या वकिलांमध्ये नॉर्मन बर्केट नावाचा एक तरुण बॅरिस्टर होता. लाइट सुटला, म्हणजे बर्केट यांची बाजू हरली. पण मार्शल हॉल यांनी त्या तरुणाची कुवत ओळखली आणि त्याला लंडनच्या आपल्या चेंबर्समध्ये जागा देऊ केली. मार्शल हॉल यांचे १९२७ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे क्लार्क बोकर यांनी बर्केट यांचे काम सांभाळले. हेच बर्केट नंतर न्युरेंबर्ग खटल्यात ब्रिटनतर्फे पर्यायी न्यायाधीश म्हणून बसले. अशा उत्कर्षात क्लार्कचा वाटा किती मोठा असतो, हे बाहेरच्या माणसाला सहज कळत नाही. कोणता खटला कोणाच्या पदरात टाकायचा आणि फी किती सांगायची, ही बोलणी परंपरेने त्याच्याच हातात असतात.

पूर्वेकडच्या किंग्ज बेंच वॉकवर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली लाल विटांची घरे ओळीने उभी आहेत. त्यांतले ६ क्रमांकाचे घर फौजदारी वर्तुळात दीर्घकाळ सरकार पक्षाच्या वकिलांचे ठाणे म्हणून ओळखले जाई. ते चेंबर आता कॉलेज हिल या गल्लीत गेले आहे, पण नावात जुना पत्ता तसाच ठेवला आहे: सिक्स केबीडब्ल्यू कॉलेज हिल. महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांत टेम्पलचा मोठा भाग जमीनदोस्त झाला होता, त्यामुळे जुन्यासारख्या दिसणाऱ्या कित्येक इमारती प्रत्यक्षात १९५० च्या सुमाराच्या आहेत.

येथून ओल्ड बेली पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. इमारत १९०७ ची, न्यूगेट तुरुंगाच्या जागेवर बांधलेली. मदनलाल धिंग्रा यांच्यावर २३ जुलै १९०९ रोजी येथेच खटला चालला. हे न्यायालय माझ्यावर खटला चालवूच शकत नाही अशी त्यांची भूमिका असल्याने त्यांनी वकील घेतला नाही आणि त्याच दिवशी फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्याच वर्षी, कायद्याच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सावरकरांना ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेने बॅरिस्टरची सनद नाकारली. त्याच ग्रेज इनमधून डॉ. आंबेडकर पुढे बॅरिस्टर झाले. उधमसिंग यांच्या बचावाला मात्र १९४० मध्ये सेंट जॉन हचिन्सन आणि त्यांच्यासोबत व्ही. के. कृष्ण मेनन उभे राहिले होते. निकाल बदलला नाही, तरी पिंजऱ्यातल्या माणसाची बाजू कोणीतरी मांडली, आणि माझ्या मते अशिलाला नकार न देण्याच्या त्या जुन्या नियमाची कसोटी अशाच खटल्यात लागते.

ओल्ड बेलीच्याच दाराबाहेर २०२२ मध्ये गाउन आणि विग घातलेले बॅरिस्टर संपावर उभे होते. कायदेशीर मदतीच्या खटल्यांची फी वर्षानुवर्षे घसरत गेल्याने नव्या वकिलांना फौजदारी काम परवडत नाही, ही त्यांची तक्रार होती. ५ सप्टेंबरपासूनचा बेमुदत बहिष्कार १५ टक्के वाढीच्या प्रस्तावावर १० ऑक्टोबरला मागे घेतला गेला. गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या क्राउन कोर्टांतील प्रलंबित खटले २०२४ अखेर सत्तर हजारांच्या वर होते. आपल्या कानांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण तिथे त्याची चर्चा संकट म्हणूनच होते. टेम्पलमधील व्यापारी कायद्याच्या चेंबर्सची सुबत्ता आणि फौजदारी चेंबर्सची ओढाताण यांतली दरी मला तरी त्या सुंदर चौकांपेक्षा अधिक लक्षात राहण्यासारखी वाटली.

जाणाऱ्यांनी शक्यतो कामकाजाचा दिवस निवडावा. शनिवार-रविवारी फ्लीट स्ट्रीटकडचे दरवाजे बंद असतात. ओल्ड बेलीच्या प्रेक्षागृहात बसायला पूर्वपरवानगी लागत नाही, मात्र मोबाइल किंवा बॅग घेऊन आत सोडत नाहीत आणि सामान ठेवण्याची सोय तिथे नाही, म्हणून दोन्ही वस्तू मुक्कामावरच ठेवून निघावे.